घराची दिशा आणि घराची दशा



वर्षावासाच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचनाच्या निमित्ताने शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील वस्त्यांवर आमचे जाणे-येणे होत असते. वाचन संपते, खीरदान होते, मंडळी पांगू लागतात आणि मग कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारते, "गुरुजी, जाता जाता घर जरा बघता का?" पूर्वी हा प्रश्न कोणी विचारीत नसे. घर म्हणजे चार भिंती व वर पत्रा. तो गळत नाही ना, एवढेच पाहावयाचे असे. आता घराला 'दोष' असतो. कोणाच्या दारावर आठ कोनांचा आरसा लटकतो, कोणाच्या दारात पितळी नळ्यांची घंटी वाजते, तर कोणी तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक आणून ठेवलेला असतो. यास 'फेंगशुई' म्हणतात, असे घरातील मुले आम्हांस सांगतात. टी.व्ही.वर पाहिलेले असते, नाहीतर पुण्याहून कोणी पाहुण्याने भेट दिलेली असते.

हा लेख लिहिण्यास एक घर कारण झाले. दौंड तालुक्यातील एका गावी आमच्या एका धम्मबंधूंना घरकुल मंजूर झाले. गावठाणात वडिलोपार्जित अरुंद जागा. दक्षिणेला रस्ता, उत्तरेला गावाचा उघडा नाला, पूर्वेला शेजाऱ्याची भिंत अगदी लागून. पहिला हप्ता जमा झाला, गवंड्याने फक्की मारून आखणी केली. तेवढ्यात शहरातून आलेल्या एका 'वास्तुतज्ज्ञा'ने सांगितले की दक्षिणेचे दार म्हणजे यमाचे दार, कर्ता पुरुष वर्षभरात जाईल. फी अकरा हजार. आखणी पुसली. दार उत्तरेला नाल्याकडे गेले. स्वयंपाकघर आग्नेय कोपऱ्यात, जिथे शेजाऱ्याच्या भिंतीमुळे खिडकी काढता येत नव्हती. रस्त्याकडची दक्षिणेची भिंत आंधळी ठेवली. दोन वर्षांनी ते आमच्याकडे आले. सुनेचा खोकला हटत नव्हता, नातवाला महिन्याआड दवाखान्यात न्यावे लागत होते. म्हणाले, "घराला दोष राहिला आहे. परित्राण पाठ ठेवायचा का?"

पाठ ठेवू, असे आम्ही म्हणालो. पण आधी घर पाहू. त्या घराचे काय झाले ते शेवटी सांगतो. तत्पूर्वी ही फेंगशुई म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. न समजता टिंगल करणे आम्हांस पसंत नाही.

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. चिनी भाषेतील हे दोन साधे शब्द आहेत. या विद्येचा उगम मृतांसाठी जागा निवडण्याच्या रीतीशी जोडलेला आहे, ही गोष्ट घंट्या विकणारे सांगत नाहीत. ग्वो पू नावाचा एक विद्वान चीनमध्ये इ.स. ३२४ साली मरण पावला. त्याच्या नावावर जो प्राचीन ग्रंथ सांगितला जातो तो दफनाविषयीचा आहे. पूर्वजांना चांगल्या जागी पुरले म्हणजे वंशजांचे भले होते, ही त्यामागील समजूत. 'ची' नावाची जीवनशक्ती जमिनीतून वाहते, वाऱ्याने ती उधळते व पाण्याशी थांबते, म्हणून वारा अडेल व पाणी जवळ असेल अशी जागा शोधावयाची. पुढे हेच नियम घरांना, वाड्यांना, नगरांना लागू झाले. उत्तम घर कोणते? पाठीशी उत्तरेला डोंगर, पुढे दक्षिणेला मोकळे अंगण व वाहते पाणी, आणि दार दक्षिणेला.

आता चीनचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सैबेरिया-मंगोलियाकडून हाडे गोठविणारा कोरडा वारा येतो. बीजिंग हे ४० अक्षांशावर. तेथे डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंश वर चढतो व दक्षिणेच्या दारातून थेट घरात येतो. अशा मुलखात उत्तरेकडे पाठ व दक्षिणेकडे तोंड करून घर बांधणारा शेतकरी शहाणाच म्हटला पाहिजे. 'ची' असो वा नसो, त्याच्या म्हाताऱ्या आईला ऊन मिळत होते. शहाणपण हवामानाचे होते, नाव मात्र गूढ शक्तीचे पडले. काळ गेला, मुलूख बदलला, कारण विसरले गेले आणि नियम तेवढा उरला.

आमच्या धम्मबंधूंची खरी पंचाईत येथेच आहे. फेंगशुईत दक्षिण दिशा सर्वांत चांगली. आपल्याकडील वास्तुशास्त्रात दक्षिण दिशा यमाची, सर्वांत वाईट. दोन्ही शास्त्रे एकाच घरात आणली तर दार काढायचे कोठे? एका घरी आम्ही दारावर फेंगशुईचा आरसा पाहिला आणि त्याच दाराच्या उंबऱ्याखाली वास्तुदोषाचे तांब्याचे यंत्र पुरलेले होते. दोघांचे पैसे मात्र वेगवेगळे गेले होते.

'लाफिंग बुद्धा'विषयी दोन शब्द लिहिणे आमच्या समाजासाठी अगत्याचे आहे. पुष्कळ घरांत तथागतांच्या मूर्तीशेजारी हा ढेरपोट्या, हसणारा, पाठीवर पोतडी घेतलेला पुतळा ठेवलेला दिसतो. भगिनी त्यालाही फूल वाहतात. हा सिद्धार्थ गौतम नव्हे. चीनच्या चच्यांग प्रांतात दहाव्या शतकाच्या सुमारास बुदाई नावाचा एक फिरस्ता भिक्खू होऊन गेला. बुदाई म्हणजे कापडाची पोतडी. मिळेल ते पोतडीत टाकायचे व मुलांना वाटायचे, असे त्याच्याविषयी सांगतात. पुढे लोक त्याला मैत्रेय बोधिसत्त्वाचा अवतार मानू लागले. बिचारा भिक्खू भलाच असला पाहिजे. परंतु ज्याने स्वतःजवळ काही साठविले नाही त्याचे पोट चोळले म्हणजे आपल्याकडे पैसा येतो, ही व्यापाऱ्यांची करामत. 'लकी बांबू' म्हणून जे रोप विकतात ते तर बांबूही नाही. ती ड्रॅसीना जातीची आफ्रिकेतील वनस्पती आहे. दिसायला बरी असते, पाण्यात वाढते, हौस असेल तर ठेवावी. मात्र तिचे पाणी आठवड्याला बदलावे, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

वास्तुशास्त्राने आपल्याला कोठे ठेवले होते?

वास्तुविद्या जुनी आहे, म्हणून खरी आहे, असा युक्तिवाद आम्हांस ऐकविला जातो. जुनी आहे हे मान्य. वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातील. तिच्यात जमिनीचा रंग पाहून ती कोणत्या वर्णाला योग्य ते सांगितले आहे. पांढरी ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला, काळी शूद्राला. घराची रुंदीदेखील वर्णाप्रमाणे पायरीपायरीने कमी होत जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगररचनेचे प्रकरण आहे. त्यात वैदिक मार्गाबाहेरच्या पंथांना व चांडाळांना स्मशानाच्या कडेला राहावयास सांगितले आहे. आपल्या गावांतील जुन्या वस्त्या गावकुसाबाहेर कशा गेल्या हे आपल्या आजा-पणजांनी भोगले आहे. ज्या विद्येने आपले घर स्मशानाशेजारी आखले, तिलाच आज फी देऊन आपण विचारतो की आमच्या घराला दोष आहे काय! हे लिहिताना आम्हांस राग येतो, तो लपविण्याचे कारण नाही.

तथागतांचे याविषयीचे म्हणणे स्पष्ट आहे. दीघनिकायातील पहिलेच सुत्त ब्रह्मजाल. ज्या हलक्या विद्यांवर पोट भरण्यापासून श्रमण गौतम अलिप्त राहतात त्यांची तेथे मोठी यादी आहे. हस्तरेषा, स्वप्नफल, मुहूर्त यांच्या जोडीला 'वत्थुविज्जा' म्हणजे घराच्या जागेचे शुभाशुभ सांगण्याची विद्या तीत नावानिशी आली आहे. सिगालोवाद सुत्त तर आपल्या उपासकांना परिचित आहे. ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणाला भगवंतांनी दिशांचा वेगळाच अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी, वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. या हिशेबाने दक्षिणेला दार असणारा माणूस गुरुजनांकडे तोंड करून राहतो.

पण तथागतांनी घराविषयी काहीच सांगितले नाही असे मात्र नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासांचे एक सबंध प्रकरण आहे व ते वाचताना एखादा अनुभवी गवंडी बोलत आहे असे वाटते. विहारात पाणी शिरते, अशी तक्रार आली तेव्हा जोते उंच करण्याची अनुज्ञा दिली. विहाराला खिडक्या नाहीत, त्यामुळे डोळ्यांना त्रास होतो व कुबट वास येतो, असे कळले तेव्हा तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली. त्यांत जाळीची खिडकीही आहे. स्नानासाठी जंताघर म्हणून गरम खोली असे, तिच्यासाठी धुराडे व पाणी वाहून जाण्याची मोरी सांगितली. धुराड्याला पालीत 'धूमनेत्त' असा सुंदर शब्द आहे. तक्रार काय, कारण काय, उपाय काय, असा हा सगळा क्रम आहे.

लेण्यांकडे पाहा. आपल्याच जिल्ह्यात कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. जुन्नरजवळील लेण्याद्रीची लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत. ज्या डोंगरात चांगला सलग खडक मिळाला व व्यापारी मार्ग जवळ होता, तेथे कोरले आणि पाण्यासाठी शेजारी पोढ्या खोदल्या. दक्षिण दिशा अशुभ असती तर लेण्याद्रीला शतकानुशतके वस्ती राहिली नसती.

उत्तरेला डोके करून झोपू नये, रक्तातील लोहाला पृथ्वीचे चुंबक ओढते, हे तर आता शिकलेली माणसेही सांगतात. रक्तातील लोह हे खिळ्यातील लोखंडासारखे चुंबकाला चिकटणारे नसते. दवाखान्यात एम.आर.आय. काढतात त्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसएक हजार पट असते व माणूस त्यातून सुखरूप उठून घरी जातो. कुसिनारा येथे दोन शालवृक्षांमध्ये तथागतांनी शय्या घातली तीही उत्तरेला डोके करून.

इनामगावचे शहाणपण

घराची परीक्षा कशी करावी याचा धडा आपल्याच मातीत पुरलेला होता. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इ.स.पूर्व सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष सापडले. सुरुवातीची घरे मोठी, चौकोनी, ओळीने बांधलेली, कुडाच्या व मातीच्या भिंतींची. वस्तीला पाण्याचा कालवा होता व धान्याचे कोठार होते. इ.स.पूर्व १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेला, शेती हटली, अन्न तोकडे पडले असे ढवळीकरांनी मांडले आहे. त्यानंतरची घरे लहान व गोल झोपड्यांची झाली. म्हणजे ऋतू बदलला, मिळकत बदलली, तसे घराने आपला आकार बदलला. मेलेल्या लहान मुलांना ती माणसे दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. आजच्या वास्तुवाल्याला हे सांगितले तर तो सगळे गावच पाडावयास लावील. पण ते गाव नऊशे वर्षे नांदले.

अशी जुनी टेकाडे आपल्याकडे 'पांढरी' म्हणून ओळखली जातात. काळीत शेती, पांढरीत वस्ती, ही आपल्या बापजाद्यांची विभागणी होती. धाब्याच्या घरांवर टाकावयास हीच पांढरी माती आणीत, कारण तिच्यातून पाणी सहजी झिरपत नाही. हे खरे वास्तुशास्त्र होते. त्याला मुहूर्त लागत नसे.

आता आपले घर तपासू

शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, ऊन भरपूर, उन्हाळा कडक. आपण साडेअठरा ते एकोणीस अक्षांशांच्या दरम्यान राहतो. याचा घराशी काय संबंध, तर असा की मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन फारसे पडतच नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला असतो, क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर, आणि तेव्हा ते ऊन हवेहवेसे असते. दोन फुटांचा छज्जा असला की दक्षिणेचे दार उन्हाळ्यात सावलीत व हिवाळ्यात उबेत राहते. खरी वैरीण आहे पश्चिमेची भिंत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन ते सहा हे आडवे ऊन ती पिते आणि रात्री अकरापर्यंत घरात ओकते. पलंग त्या भिंतीला लावलेला असेल तर झोप लागणार नाही, मग म्हणावे वास्तुदोष! पलंग हलवावा. भिंतीला बाहेरून चुन्याचे पांढरे हात द्यावेत. जमीन मुरमाड असेल तर पश्चिमेला लिंब लावावा. पत्र्याच्या घराला वरून चुना मारला तरी फरक पडतो, आणि आतून बांबूच्या चटयांचे छत केले तर अधिकच. दौंडला मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाला व गाव जंक्शन झाले. तेथील जुन्या धाटणीच्या रेल्वे घरांत एकदा जाऊन उभे राहा. उंच छत, पुढे व्हरांडा, वरच्या बाजूला झरोके. ती घरे रुळांची सोय बघून उभी केली, दिशा बघून नव्हे.

वाऱ्याची परीक्षा अगदी सोपी आहे. एक उदबत्ती घ्या. सकाळी, दुपारी व रात्री प्रत्येक खोलीच्या मध्यभागी धरून धूर कोठे जातो ते पाहा व कागदावर बाण काढा. आपल्याकडे मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत जोराचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. थंडीत तो मंद असतो व पूर्वेकडूनही येतो. धूर खोलीतच घुटमळत असेल तर हवा येण्याची वाट आहे पण जाण्याची नाही, किंवा दोन्ही नाहीत. समोरासमोरच्या भिंतींत उघडी जागा हवी, आणि जाणारी वाट येणाऱ्या वाटेहून लहान नको. कोरड्या व उष्ण प्रदेशासाठी बांधकाम संहितेचा संकेत असा की खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्शाइतके तरी असावे. दहा बाय बाराच्या खोलीला बारा चौरस फूट. आपल्या घरांत खिडकी असते दोन बाय तीन, तीही टी.व्ही.च्या मागे बंद.

रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथे कारखान्यांच्या आधाराने भाड्याच्या खोल्यांच्या लांबच लांब चाळी उठल्या आहेत. दहा बाय दहा, पुढे दार, मागे दुसऱ्या चाळीची भिंत. त्यात राहणाऱ्या आमच्या तरुण जोडप्यांना भिंत फोडता येत नाही. त्यांनी घरमालकाशी बोलून दारावर जाळीचा झरोका व मागच्या भिंतीत छताजवळ एक पंख्याचे भोक तरी पाडून घ्यावे. दहा जणांनी मिळून सांगितले तर मालक ऐकतो, हा आमचा अनुभव आहे.

स्वयंपाकघर आग्नेयेला असावे या नियमामागे आमच्या मते एक जुने कारण असावे. पश्चिमेचा वारा असेल तर पूर्वेच्या बाजूची चूल घराच्या वाऱ्याखाली येते, धूर व ठिणगी बाहेर जाते. गवताच्या छपरांच्या काळात याला फार मोल होते. पण त्या कोपऱ्याला खिडकी नसेल तर नियमाचा जीवच गेला. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस पुष्कळ घरी आला, तरी अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते आणि तीत तुराट्या, चिपाडे, प्रसंगी प्लॅस्टिकही जाते. ही चूल घराच्या पश्चिमेला असली तर सगळा धूर दारातून आत. ती पूर्वेच्या अंगाला न्या, किंवा वर धुराडे बसवा. यवत-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळाच्या पूर्वेला घर असेल तर हंगामात पश्चिमेकडच्या खिडक्यांना ओले पडदे लावणे एवढेच हाती राहते.

भिंतीच्या भेगा हा वास्तुवाल्यांचा आवडता विषय. आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याच्या घरी कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरपी भेग पडली. त्यांनी, आम्हांस न विचारता, सांगितल्यावरून ईशान्येचा संडास पाडून नैर्ऋत्येला नेला. पुढच्या मे महिन्यात भेग पुन्हा हजर. भीमाकाठची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून फाटते. शेतातल्या भेगेत हात जातो हे आपण पाहतोच. तीच माती घराखालीही आहे. उन्हाळ्यात रुंदावणारी व पावसाळ्यात मिटणारी भेग दिसली की समजावे, दोष पायाचा आहे. पाया काळ्या मातीत न थांबवता कठीण मुरूम लागेपर्यंत न्यावा, जोत्याशी सळई घालून काँक्रीटचा पट्टा भरावा, पत्र्याचे पाणी भिंतीपाशी पडू न देता पन्हाळीने दूर सोडावे, घराभोवती तीन फूट फरशी किंवा कोबा करावा, आणि मोठे झाड भिंतीपासून निदान आपल्या उंचीइतके लांब ठेवावे. घर बांधून झाले असेल तर पहिले दोन उपाय गेले, पण पन्हाळ व कोबा आजही करता येतो व त्याने पुष्कळ निभावते. शिरूरच्या माळरानावर मुरूम वरच असतो, तेथे ही काळजी कमी. तेथील काळजी पाण्याची.

पाण्याबाबत थोडक्यात सांगतो. संडासाचा शोषखड्डा कोणत्या दिशेला आहे यापेक्षा तो विहिरीपासून किंवा बोअरपासून किती दूर आहे व उताराच्या वर आहे की खाली, हे पाहावे. दहा मीटरच्या आत नको, पंधरा असल्यास उत्तम, आणि नेहमी उताराच्या खालच्या अंगाला. पिंप, हौद, रांजण आठवड्यातून एक दिवस पूर्ण कोरडे करावेत. समृद्धीसाठी दारात कारंजे ठेवावे असे फेंगशुईवाले सांगतात. आठवड्याला एकदा ते कोण रिकामे करणार, हे आधी ठरवावे.

त्या घराचे काय केले

सुरुवातीला सांगितलेल्या घरी आम्ही एका रविवारी सकाळी गेलो. सोबत गवंडीकाम करणारे आमचेच एक उपासक होते. उदबत्ती लावली. स्वयंपाकघरात धूर सरळ वर गेला, छताला लागला आणि तेथेच पसरून राहिला. सून म्हणाली, "भाजी फोडणीला टाकली की मी दाराशी जाऊन उभी राहते." दार उघडले की नाल्याची दुर्गंधी व डास आत. म्हणून दार बंद. दार बंद म्हणून अंधार, आणि दिवसाही दिवा. ओल उत्तरेच्या भिंतीला कमरेइतकी चढली होती, तिच्यावर काळी बुरशी धरली होती, आणि नातवाचे अंथरूण त्याच भिंतीला लागून होते.

दक्षिणेची भिंत फोडून रस्त्याच्या बाजूला दार काढावे, असे आम्ही सांगितले तेव्हा घरात शांतता पसरली. घरच्या आजी म्हणाल्या, "आणि माझ्या लेकाला काही झालं तर तुम्ही येणार का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भीती एकदा पेरली की ती पुस्तक दाखवून उपटता येत नाही. आम्ही त्यांना गावातील दक्षिणेकडे दारे असलेली घरे मोजावयास सांगितले. रस्त्याच्या त्या ओळीत अकरा घरे होती आणि अकराही दारे रस्त्याकडे. त्यांतल्या तीन घरांत आजींच्याच वयाची माणसे ओट्यावर ऊन खात बसलेली होती. त्यांतील एक त्यांच्या मावसबहीण निघाल्या. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. आम्ही चहा घेतला आणि निघालो. तीन आठवड्यांनी निरोप आला, "भिंत फोडायला या."

काम चार दिवसांत झाले. दक्षिणेला दार व शेजारी तीन बाय चारची खिडकी. उत्तरेचे जुने दार अर्धे बांधून त्याची जाळीची खिडकी केली. पूर्वेला शेजाऱ्याची भिंत असल्याने स्वयंपाकघराच्या छतातून पत्र्याचे धुराडे वर काढले. उत्तरेच्या भिंतीचा ओला गिलावा खरवडून काढला, बाहेरून कोबा करून पाणी नाल्याकडे वळविले. नातवाचे अंथरूण दक्षिणेच्या खिडकीपाशी आले. नाला झाकण्याचा अर्ज ग्रामपंचायतीकडे दिला आहे. साहित्य व मजुरी मिळून पंधरा-सोळा हजारांत भागले. त्यातील मजुरीचा काही भाग गवंडी उपासकांनी घेतला नाही. ओल पूर्ण गेलेली नाही, पावसाळ्यात ती अजून वीतभर दिसते. नातवाला डॉक्टरांचे औषध चालू होते ते आम्ही बंद करावयास सांगितले नाही, तसे कोणी सांगूही नये. दवाखान्याच्या फेऱ्या मात्र कमी झाल्या, असे त्याची आई सांगते.

परित्राण पाठ पौर्णिमेला झाला. नव्या दारासमोरच्या ओट्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या. आजींनी तथागतांच्या मूर्तीशेजारचा लाफिंग बुद्धा स्वतःच उचलून खिडकीत ठेवला आणि नातवाला म्हणाल्या, "हे घे, खेळ याच्याशी." त्या पुतळ्याला आम्ही हात लावला नाही.

ज्यांना यंदा घरकुलाचा पहिला हप्ता मिळाला आहे त्यांनी जोते भरण्यापूर्वी, आखणीच्या दिवशीच, संस्थेच्या कार्यकर्त्यांना बोलवावे. येताना आम्ही एक टेप, एक उदबत्तीचा पुडा व एक पहार घेऊन येतो. पहार मुरूम कोठे लागतो ते पाहण्यासाठी लागते. फी नाही, चहा चालेल.